शिडीवरचा वैमानिक

सांगली-मुंबई असा आगगाडीचा प्रवास मी इतक्या वेळा केला आहे की वाटेतले चहावाले मला ओळखतात. लोणंदचा तर मला पाहिले की न सांगता पेला दोनदा विसळतो. त्यामुळे युद्ध संपल्यानंतरच्या वर्षी मुंबईहून सांगलीला विमानाने येण्याची संधी समोर आली, तेव्हा मी क्षणाचाही विचार केला नाही. आमच्या मुलींच्या शाळेतून शिकून गेलेल्या एका विद्यार्थिनीच्या यजमानांनी लष्कराच्या विक्रीला काढलेल्या सामानातून एक लहानसे विमान घेतले होते. ते सांगलीला न्यायचे होते आणि वैमानिकाच्या मागची जागा रिकामी होती. ती पोर चाचरत म्हणाली, "बाई, तुम्ही याल का? पण पितृपक्ष चालू आहे."

"पितर वरच असतात," मी म्हणाले. "वाटेत भेट होईल."

वैमानिक सोराब नावाचा पारशी तरुण होता. युद्धात ब्रह्मदेशावर विमान उडवून आलेला, गोरापान, सतत काहीतरी गुणगुणणारा. त्याने मला हात देऊन वर चढवले, पट्टा आवळला आणि म्हणाला, "बाई, तुम्ही गभरायचं नाय. मी हाय ने."

"मी शाळेची मुख्याध्यापिका आहे," मी सांगितले. "घाबरायचे काम दुसऱ्यांचे."

तो एवढ्या मोठ्याने हसला की आमचे त्याच क्षणी जमले.

विमान वर गेले तेव्हा मी डोळे गच्च मिटले, पण ते कोणाला दिसू दिले नाही. बघायला होते तरी कोण. खाली खाडीचे पाणी, मग भाताची हिरवी खाचरे, मग बोरघाट. आगगाडीला जिथे धापा टाकत चढावे लागते, तिथून आम्ही सुपारी कातरायला लागेल तेवढ्या वेळात पलीकडे गेलो. पुणे मागे पडेपर्यंत सगळे छान चालले होते. साताऱ्याच्या बाजूला मात्र ढगांची भिंतच उभी होती. सोराब उजवीकडे वळला, डावीकडे वळला, वर गेला, खाली आला. त्याचे गुणगुणणे थांबले. ते थांबल्याचे मला इंजिनाच्या एवढ्या आवाजातही कळले.

"बाई, खाली काय दिसते?" त्याने मान वळवून ओरडून विचारले.

"धुके!"

"आणि आता?"

आता गवत दिसत होते. चांगले पात्यापात्याने, नको तेवढे जवळ. सोराबने नाक वर ओढले आणि चाके गवताला लागली. आम्ही ओल्या कातळावरून घसरत गेलो. कुणीतरी शेताला घातलेला दगडी बांध आडवा आला, विमानाने त्याच्यावर तोंड आपटले आणि शेपूट वर करून ते उभे राहिले. मग सगळे शांत झाले.

मी पट्ट्यात लटकत होते. चष्मा शाबूत, घोटा मुरगळलेला, तोंडात रक्त. सोराबच्या पायावर पुढचा सगळा पत्रा चेपला गेला होता. त्याला ओढून बाहेर काढताना तो एकदाच ओरडला आणि नंतर म्हणाला, "माफ करा, बाई." उजवा पाय मांडीत मोडलेला होता आणि रक्त थांबत नव्हते. युद्धाच्या काळात मी प्रथमोपचाराचा वर्ग केला होता आणि त्यात पहिली आले होते, हे इथे सांगितले पाहिजे. लुगड्याचा पदर फाडून मी मांडी आवळली, पंखाची मोडकी फळी लावून पाय बांधला. तेवढ्याने रक्त कमी झाले. पण त्याचा चेहरा भिंतीला चुना द्यावा तसा पांढरा होत चालला होता. डॉक्टर मिळाला नाही तर हा मुलगा आज संध्याकाळपर्यंत जाणार, हे ओळखायला वर्गात पहिले यायची गरज नव्हती.

धुक्यातून आधी म्हशींच्या गळ्यातल्या घंटा आल्या, मग म्हशी, मग एक बाई. अंगावर इरले (पानांनी शाकारलेले पावसाळी पांघरूण), हातात काठी. तिने विमानाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले.

"ह्ये काय म्हनायचं?"

"विमान. वरून पडलो."

"वरनं?" तिने वर बघितले, जणू भोक राहिले आहे का ते पाहत होती. "आनि मग जित्या कशा?"

तिचे नाव ठकूबाई. आम्ही सड्यावर (डोंगरमाथ्यावरचे कातळाचे पठार) पडलो होतो आणि तिचा धनगरवाडा हाकेच्या अंतरावर होता. खाली तारळी नदीचे खोरे आणि खोऱ्याच्या तोंडाशी उंब्रज. तिथे मोटारीचा रस्ता आणि डॉक्टर. "लय लांब न्हाई, दिवस मावळायच्या आत पोचशीला," ठकूबाई म्हणाली. डोंगरातल्या माणसांचे "लय लांब न्हाई" मला ठाऊक आहे, पण दुसरा मार्ग नव्हता.

वाड्यावरची चार माणसे आली. एक म्हातारा झोळी करायला घोंगडे सोडू लागला. आजारी माणसाला घोंगड्याच्या झोळीत घालायचे, वरून दांडा घालायचा आणि दोघांनी पळत न्यायचे, ही इकडची रीत. मी ती एका वाक्यात मोडीत काढली.

"झोळी नको. त्यात पाय मुडपेल. ताठ, सरळ काहीतरी आणा."

ताठ आणि सरळ अशी एकच वस्तू वाड्यावर होती. गवताच्या गंजीवर चढायची बांबूची शिडी. म्हाताऱ्याने डोके खाजवले.

"बाई, शिडी नगं. बरी न्हाई दिसत."

"दिसायचे काय करायचे आहे? आपल्याला फोटो काढायचा नाही."

शिडीवर गवत अंथरले, सोराबला त्यावर निजवले, दोरीने बांधले. पाऊस भुरभुरत होता म्हणून तोंडावरून घोंगडे ओढून घ्यायला मीच सांगितले. ठकूबाईने मला लाकडाच्या कठवटीतून नाचणीची आंबील (आंबवलेली पेज) दिली. अशी आंबट, गरम आणि मिठाची आंबील मी पुन्हा कुठे प्यायले नाही. सांगलीत करून बघितली, पण ती नुसतीच आंबट झाली. तोवर चौघांनी शिडी खांद्यावर घेतली आणि ते धुक्यात दिसेनासे झाले.

माझा घोटा सुजला होता. ठकूबाई माझ्याबरोबर मागे राहिली. उतारावर ती मला एका हाताने धरत होती आणि दुसऱ्या हाताने करवंदीच्या फांद्या बाजूला करत होती. वाटेत तिने मला पुढचे सगळे समजावून सांगितले. धनगरवाड्याची माणसे दुखणेकऱ्याला त्यांच्या शिवेपर्यंत (गावाच्या हद्दीपर्यंत) नेणार. तिथे हाळी घालायची. खालच्या गावची माणसे येतात, खांदा बदलतात आणि पुढच्या शिवेपर्यंत नेतात. कुणी कुणाला विनंती करत नाही, कुणी नाही म्हणत नाही. "आज त्येंचं, उद्या आमचं," ती म्हणाली. सरकारी खलिते तरी इतके बिनचूक पोचतात की नाही, मला शंका आहे.

पण शिवेवर पोचलो तर शिडी जमिनीवर ठेवलेली. एका बाजूला आमचे चौघे, दुसऱ्या बाजूला खालच्या गावची सात-आठ माणसे, आणि मध्ये लष्करातून पेन्शनीत निघालेला एक उंच हवालदार, मिशांना पीळ दिलेला. सगळे एकदम बोलत होते.

"न्हाई म्हंजे न्हाई," हवालदार सांगत होता. "परगावचं मढं आमच्या शिवंच्या आत येनार न्हाई. गावाला भोवतं."

"आवं, जिता हाय त्यो!"

"मी बर्मात किती बघितल्यात. असला रंग जित्याचा नसतो. हात बर्फावानी. आनि जिता हाय तर तिरडीवर कशाला बांधला रं?"

आता मला शिडी दिसली. म्हणजे सकाळी ती मी पाहिली होती, पण दिसली तेव्हा. बांबूचे दोन दांडे, आडव्या कामट्या, गवत, दोरीने आवळलेला माणूस, तोंडावर पांघरूण, चार खांदे. झोळी आली असती तर कोणालाही कळले असते की दुखणेकरी आहे. मी एका शिकल्यासवरल्या बाईला शोभेल अशा ठामपणाने जिवंत माणसाची तिरडी करून पाठवली होती, आणि म्हाताऱ्याने सांगितले तेव्हा त्याचे तोंड बंद केले होते.

मी लंगडत पुढे झाले, घोंगड्यात हात घालून नाडी बघितली. बारीक होती, पण होती. "सोराब!" मी वर्गात मारते तशी हाक मारली. तो हलला नाही. हवालदाराचे मात्र लक्ष सोराबकडे नव्हतेच. तो माझ्याकडे बघत होता.

"बाई, तुमी ह्येच्यासंगं आलाय? सड्यावरनं, चालत?"

"मग? उडून झाले सकाळीच. ते कसे असते ते बघितले."

हवालदाराने मिशीवरून हात फिरवला आणि मागे वळून ओरडला, "आरं, बाई संगं चालतीया! मढ्यासंगं बाई मानूस कवा चालतं का? जिता हाय. उचला!"

झाले. माझ्या नाडी-परीक्षेला विचारतो कोण? आपल्याकडे बायका प्रेतयात्रेबरोबर जात नाहीत. ज्याच्याबरोबर बाई चालते ते प्रेत नव्हे, एवढा साधा हिशोब. ज्यांनी आतापर्यंत बोट लावले नव्हते, त्यांनी शिडी अशी उचलली की मला बाजूला व्हावे लागले.

"पर बाई," हवालदार म्हणाला, "आता तुमी म्होरं चाला. मागं ऱ्हायलासा तर दर शिवंवर ह्योच तमाशा."

ठकूबाईने तिथे निरोप घेतला. "म्हसरं ऱ्हायल्यात," म्हणाली. माझ्या हातात तिची काठी देऊन ती वर निघाली. मी पुढे, शिडी मागे, अशी आमची वरात खोऱ्यात उतरली. घोट्यातून कळा येत होत्या. तरी खरे सांगायचे तर मला बरे वाटत होते. माझ्या नुसत्या चालण्याने वाट उघडत होती. इतके माझे महत्त्व शाळेच्या संमेलनातही नसते.

मधल्या दोन शिवा बिनबोभाट पार पडल्या. लोक हाळीला येत, आधी मला बघत, मग खांदा लावत. एका गावात देवळापुढे शिडी टेकवली तेव्हा बायकांनी गुळाचा चहा आणला आणि माझ्या हातावर भाकरी व घेवड्याची उसळ ठेवली. सोराबने तिथे डोळे उघडले. मी चमच्याने त्याला चहा पाजला.

"बाई, कोणचा गाव?"

"सातारा जिल्हा आहे. बाकी तुला काय करायचे?"

"मला लय थंडी वाजते." लय हा शब्द त्याने आजच उचलला होता. "माझी मम्मा एकली हाय, बाई. तिला कोण सांगनार?"

"तूच सांगशील. गुपचूप पड."

हे मी कडक आवाजात म्हणाले, कारण दुसऱ्या आवाजात म्हणता आले नसते.

पुढच्या शिवेवर आप्पा भेटले. साठीचे, कोरडे, कमी बोलणारे शेतकरी. बरोबर त्यांचे दोन मुलगे आणि एक पुतण्या. आप्पांनी पुढचा खांदा धरला. पाऊस वाढला. नदीकाठच्या उसातून वाट जात होती आणि धुके उसाच्या तुऱ्यांवर बसले होते. एका ओढ्यात पाणी चढले होते म्हणून पलीकडे गेल्यावर त्यांनी शिडी खाली ठेवली. दोरी सैल झाली असावी. आप्पांनी घोंगड्यात हात घालून ती चाचपली. बराच वेळ चाचपली. मग त्यांनी डोक्याचा पटका काढून कमरेला गुंडाळला.

"आप्पा, डोके भिजतेय," मी म्हणाले.

"भिजू द्या."

"सोराब कसा आहे?"

"निजलाय. बाई, तुमी मागं बघू नगा. वाट निसरडी हाय, म्होरं बघून चाला."

मी पुढे बघून चालले. त्यानंतर चौघे एक अक्षर बोलले नाहीत. मी मात्र बोलत होते. सोराबला ऐकू जावे म्हणून मोठ्याने आमच्या शाळेच्या गमती सांगत होते. शाळा तपासायला आलेल्या थोरल्या साहेबांपुढे गाणे म्हणताना पेटीचा भाता फाटला ती, वर्गात माकड शिरले ती. मागून कोणी हसत नव्हते. पाऊस आहे, दमले असतील, असे मी धरून चालले. मी चालते आहे तोवर सगळे ठीक आहे, ही माझी खात्री इतकी पक्की झाली होती की पुन्हा नाडी बघायचे मला सुचलेही नाही.

उंब्रजच्या अलीकडच्या शेवटच्या शिवेवर पाच-सहा माणसे वाट बघत होती. त्यांच्यातला एक पुढे आला. "जिता हाय न्हवं?"

आप्पांनी हनुवटीने माझ्याकडे दाखवले. "बाई म्होरं हायत की."

"मग द्या हिकडं, आमी घेतो."

"नगं," आप्पा म्हणाले. "तुमी खांदा लावू नगा. आमीच न्हेतो थेट."

ती माणसे चक्रावली. मीही. हा पारशी पोरगा विमानातून पडलेला. त्याला डॉक्टरच्या दारात उतरवायचा मान आप्पांना सोडवत नसेल, असे मला वाटले आणि मनात मी हसले. दमलेल्या चौघांनी ते सगळे गाव खांदा न बदलता ओलांडले. आप्पांच्या धाकट्याचा पाय चिखलात दोनदा घसरला, पण शिडी खाली टेकली नाही.

दिवेलागणीला उंब्रज आले. डॉक्टर पंचा लावून अंघोळीला निघाले होते. तसेच उघड्या अंगाने बाहेर आले. शिडी ओसरीवर ठेवली. आप्पा आणि पोरे हात जोडून, खाली मान घालून उभी राहिली. मला वाटले, डॉक्टरांना नमस्कार करताहेत.

डॉक्टरांनी छातीला नळी लावली. सरकवली. पुन्हा लावली. आम्हाला गप्प राहण्याची खूण केली.

"आहे," ते म्हणाले. "फार मंद आहे, पण आहे. आत घ्या, पाणी तापवा, लवकर!"

माझे डोळे तेव्हा भरले. पण आप्पांकडे बघितले तर ते पायरीवर बसले होते.

"काय म्हनलं डाक्तर?"

"जिवंत आहे, आप्पा."

"खरं सांगताय?" त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकले. त्यांचा थोरला मुलगा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मग आप्पा म्हणाले, "बाई, वड्यावर मी हात घातला तर कायबी लागंना. गार पडल्यालं. आमाला वाटलं, सरला, म्हनून डोईचा पटका काढला. तितनं आमी मढंच आनलं."

"मग सांगितले का नाही? तिथेच ठेवले असते."

"कसं सांगायचं? तुमी म्होरं चालला हुता, पायानं लंगडत, त्येला गोष्टी सांगत. म्हनलं, बाई त्येला घेऊन निघाल्यात, तर पोचवू. पाप लागलं तर आमाला लागू द्या. म्हनून त्येंचा खांदा घेतला न्हाई."

घोंगड्याखाली त्यांनी प्रेत वाहिले होते, चारचौघांत त्याला जिवंत ठरवून, शेजारच्या गावाच्या शिवेतून. जी गोष्ट त्यांच्यापैकी कोणीही आपल्या सख्ख्या भावासाठी केली नसती. आणि दिवसभर मी समजत होते की वाट माझ्यामुळे उघडते आहे.

डॉक्टरांची मंडळी चहा घेऊन आली तर आप्पा उठून निघालेले. "बसा, काहीतरी खा," मी म्हणाले.

"नगं. दुकान उघडं हाय तवर नारळ घ्याचा हाय. शिवंवर फोडून त्या गावाला समदं सांगाया पायजे."

"अहो, पण तो जिवंत निघाला! सांगायचे काय राहिले?"

"त्यो जिता निघाला, बाई," आप्पा म्हणाले. "आमी त्येला मेल्यालाच आनला न्हवं?"

ते पावसात गेले. मी ओसरीवर तशीच उभी राहिले. मग आत जाऊन सोराबच्या उशाशी बसले.

दुसऱ्या दिवशी मालवाहू मोटारीत गवत आणि गादी घालून आम्ही सोराबला घेऊन कऱ्हाडमार्गे दक्षिणेला निघालो. ऊन पडले होते. डोंगरमाथा इतका स्वच्छ दिसत होता की तिथे कोणी कधी चुकेल असे वाटू नये. त्याला मिरजेला दवाखान्यात ठेवले. पाय वाचला, थोडा आखूड झाला आहे. सांगलीत लोक मला भेटायला येत आणि विमानातून जग कसे दिसते ते विचारत. मी पहिल्या एक-दोघांना रंगवून सांगितले, मग कंटाळले. त्या खोऱ्यातल्या गावांची नावे मात्र मी कोणाला सांगितली नाहीत, इथेही लिहीत नाही. नारळाचे काय झाले ते त्यांचे त्यांच्यात आहे.

सोराबची आई मुंबईहून आली त्या दिवशी तो पहिल्यांदा उशीला टेकून बसला. म्हणाला, "बाई, मला ओढ्यापर्यंत थोडं याद हाय. पुढे काय झालं?"

"पुढे मी चालत होते," अशी सुरुवात मी केली, आणि थांबले. मग जसे झाले तसे सांगितले. ओढा, आप्पांचा हात, पटका, शेवटची शीव. तो आईला गुजरातीत एकेक वाक्य सांगत गेला. शेवटाला येऊन तो माझ्याकडे वळला.

"म्हणजे बाई," तो म्हणाला, "त्या लोकांना वाटला मी मेला. तरी मला टाकला नाय?"

"नाही," मी म्हणाले. "टाकला नाही."

त्याच्या आईला मराठी येत नव्हते. तरी तिने माझा हात हातात घेतला, आणि मी तिला सांगू लागले की हा हात चुकीचा आहे, धरायचा तो हात तिकडे तारळीच्या काठी आहे.